चार खड्डे, सात चवी

घरामागे चार झाडांपुरती जागा आहे आणि चारही खड्ड्यांत हापूसच लावायचा, असे ठरवून बसला असाल तर पावसाआधी तो बेत पुन्हा एकदा तपासा. हापूसला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण विकण्यासाठी बाग लावणाऱ्याचे गणित वेगळे आणि घरच्यांसाठी झाडे लावणाऱ्याचे वेगळे. बागायतदाराला एकाच वेळी, एकाच प्रतीचा, पेटीत बसणारा माल लागतो. घरच्या बागेकडून आपल्याला फळ हवे असते थोडे थोडे, जास्तीत जास्त दिवस, आणि दर आठवड्याला निराळ्या चवीचे. चारही हापूस एका पंधरवड्यात पिकले की आळीभर वाटूनही आंबे उरतात, काळे पडतात. आणि जूनमध्ये तुम्ही बाजारात पिशवी घेऊन उभे. शिवाय हापूस एक वर्ष लगडतो आणि पुढच्या वर्षी रुसतो. चारही झाडांनी एकदमच रुसायचे ठरवले, तर त्या उन्हाळ्यात घरचा आंबा म्हणून दाखवायला एक फळ मिळणार नाही.

दुसरे कारण परागाचे. दशहरी, लंगडा, चौसा या जातींना स्वतःच्या परागाने फळ जवळपास धरतच नाही. हापूसच्या बागेतही दुसऱ्या जातींची काही झाडे असली तर फळधारणा सुधारते. शेजारच्या वाडीत रायवळ आणि पायरी उभी असतील तर ही काळजी तुम्ही करायला नको. पण नव्या वसाहतीत, आजूबाजूला आंब्याचे झाडच नसताना, मिश्र जाती हव्यातच.

कोकणातल्या परसासाठी मी सुचवीन ते असे. एक हापूस, एक पायरी, एक रत्ना. आणि चौथ्या खड्ड्यात साधे, कोयीतून उगवलेले रायवळ वाढवून त्याच्या फांद्यांवर केसर, मल्लिका आणि तोतापुरीची कलमे बांधायची, एक फांदी मात्र रायवळाची रायवळालाच ठेवायची.

हापूस आणि पायरी एकत्र का, हे ज्याने घरी आमरस काढला आहे त्याला सांगावे लागत नाही. हापूसचा रस घट्ट, पायरीचा पातळ आणि थोडा आंबटसर. दोन्ही मिसळले की रसाला चव येते. पायरी पिकायला सुरुवात झाली की थांबत नाही, टिकतही नाही, म्हणून बाजारात तिला मान कमी. घरच्या झाडाला ही अडचण नाही, कारण झाड ते ताट हे अंतर वीस पावलांचे असते. बाजाराने मागे टाकलेल्या जातींसाठी परसबाग ही खरी जागा आहे, असे मला वाटते.

रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्रात तयार होऊन १९८१ मध्ये तो प्रसारित झाला. दरवर्षी फळतो, गरात रेषा नाही, आणि मुख्य म्हणजे साका पडत नाही. साका म्हणजे हापूस कापल्यावर कोयीजवळ निघणारा पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. बाहेरून फळ देखणे, आत हा प्रकार. त्याच केंद्रातून १९९२ मध्ये आलेला सिंधू हा रत्ना आणि हापूसचा संकर. त्याची कोय इतकी पातळ की घरात लहान मुले असतील तर पाचवा खड्डा त्याच्यासाठी काढा.

केसर गीरच्या परिसरातला. जुनागढच्या नवाबाने १९३४ मध्ये त्याला हे नाव दिले असे सांगतात. मराठवाड्यात आणि घाटावर कोरड्या हवेत तो चांगला रुळला आहे. छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूरकडच्या वाचकांनी माझी वरची यादी उलटी करावी: पहिला मान केसरला, हापूस हौसेपुरता. हापूस घाटावर वाढतो, फळतोही. पण कोकणातली चव तिथे उतरेल ही अपेक्षा ठेवू नये. गोव्यात किंवा सावंतवाडीच्या पट्ट्यात असाल तर मानकुरादला पर्याय नाही, आणि त्याबद्दल गोव्याच्या माणसाशी वाद घालण्यातही अर्थ नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या मानकुरादला भौगोलिक मानांकनही मिळाले.

जागा अगदीच कमी असेल, गच्चीवरच्या मोठ्या पिंपात झाड लावायचे असेल, तर आम्रपाली घ्या. दशहरी आणि नीलम यांचा हा संकर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिला. झाड ठेंगणे, अडीच मीटर अंतरावर लावता येते. फळ लहान, गर गडद नारिंगी आणि गोडी भरपूर. उशिरा पिकतो, ही घाटावर जमेची बाजू; कोकणात मात्र उशिराचा आंबा पावसात सापडतो आणि फळमाशीच्या तावडीत जातो. जूननंतर पिकणारी प्रत्येक जात कोकणात लावताना हा हिशेब धरा. नीलममध्ये तर कोयीतला भुंगाही फार होतो.

कलम कुठून आणि कसे

चांगल्या आंब्याची कोय पुरली म्हणजे तसाच आंबा येईल, ही समजूत अजून जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक जातींत कोयीतून एकच रोप येते आणि ते संकरातून तयार झालेले असते. आईचे गुण त्यात उतरतीलच असे नाही. म्हणूनच प्रत्येक रायवळ वेगळा. फणसाचेही हेच: काप्याच्या आठळीतून बरका निघू शकतो. कोकमाला तर आणखी एक पेच आहे. झाडे नर आणि मादी वेगळी. बी लावून पाच-सहा वर्षे पाणी घालावे आणि निघावा नर, त्यापेक्षा ‘कोकण अमृता’सारख्या जातीचे मादी कलम आणलेले बरे.

कलम दापोली किंवा वेंगुर्ल्याच्या विद्यापीठ रोपवाटिकेतून, कृषी विभागाच्या रोपवाटिकेतून किंवा मातृवृक्ष दाखवणाऱ्या खासगी रोपवाटिकेतून घ्यावे. मातृवृक्ष दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडून घेऊ नये. उंच, फोफावलेल्या कलमाची भुरळ पडते, पण पिशवीत फार दिवस राहिलेल्या अशा कलमाची मुळे गोल वळलेली असतात. वर्ष-दीड वर्षाचे, कमरेखालच्या उंचीचे, सांधा एकजीव झालेले कलम उत्तम.

खड्डा उन्हाळ्यातच काढा, मीटरभर लांब, रुंद आणि खोल. जांभ्याचा कातळ लागला तर फोडून घ्यावा लागेल; तिथे कंजुषी केली तर झाड पुढे कुंडीत असल्यासारखे खुरटते. वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरा आणि पावसाने जमीन भिजली की कलम लावा. सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटणारी प्रत्येक फूट पहिली दोन-तीन वर्षे खुडत राहा. हे काम कंटाळवाणे आहे म्हणून राहून जाते, वरचे हापूस मरते, खालचे रायवळ झाड होते, आणि आठ-दहा वर्षांनी मालक रोपवाटिकेला शिव्या देतो.

बागायतीत हापूसला दहा-दहा मीटर अंतर देण्याची जुनी पद्धत आहे. परसात पाच मीटर पुरते, पण मग दरवर्षी छाटणीची तयारी हवी. रोपाचा शेंडा गुडघ्याच्या थोडा वर मोडावा, तीन-चार फांद्या चार दिशांना घ्याव्यात, आणि पुढे फळे उतरल्यावर लगेच, पावसाच्या सुरुवातीला, मधली उभी वाढ काढून उजेड आत येऊ द्यावा. शिडीशिवाय हाताला किंवा झेल्याला लागेल एवढेच झाड घरी कामाचे.

कलमाला पहिल्याच वर्षी मोहोर येतो आणि घरातल्यांना तो खुडू देववत नाही. खुडा. पहिली तीन वर्षे झाडाने फक्त वाढायचे. तिसऱ्या वर्षी मात्र दोन फळे राहू द्यावीत, खाण्यासाठी नव्हे, ओळख पटवण्यासाठी. पायरीला टोकाशी ठळक चोच असते, हापूसला नसते. तोतापुरी तर लांबूनच ओळखू येते. जात चुकीची निघाली तर ते तिसऱ्या वर्षी कळलेले बरे.

पाण्याचे एकच सांगतो, कारण त्याचा संबंध थेट चवीशी आहे. फळ वाटाण्याएवढे झाल्यापासून अंड्याएवढे होईपर्यंत पंधरा दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी द्या. मग हात आखडता घ्या, आणि काढणीच्या महिनाभर आधी पाणी तोडा. कपडे धुतलेल्या पाण्याची पन्हळ थेट बुंध्याशी सोडली असेल तर ती त्या महिन्यात वळवा. शेवटपर्यंत पाणी पिणाऱ्या झाडाचा आंबा मोठा होतो आणि पांचट लागतो.

उतरवणे आणि पिकवणे

चवीचा निकाल झाडावरच अर्धा लागतो. कोवळे काढलेले फळ पिवळे होते, मऊ होते, सुरकुतते, पण गोड होत नाही. कोकणात आंबा किती तयार झाला हे आण्यांत मोजतात. चौदा आण्यांचा आंबा काढावा असे म्हणतात. हापूस पूर्ण सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवला तर साक्याचे प्रमाण वाढते, म्हणून ती दोन आण्यांची घाई. फळाचे खांदे देठाच्या वर चढलेले, देठाजवळ खळगा, गडद हिरवा रंग थोडा फिका: ही खूण. शंका असेल तर बादलीत टाका. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. साका कमी करण्याचा आणखी एक उपाय म्हणजे झाडाखाली पालापाचोळ्याचे जाड आच्छादन. तापलेल्या जमिनीची धग खालच्या फळांना लागते. ती आच्छादनाने कमी होते.

सकाळी लवकर, झेल्याने, देठाचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा ठेवून फळे उतरवा. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तिथूनच फळ सडते. मग सावलीत, भाताच्या पेंढ्यावर, एक किंवा दोन थरांची अढी घाला. दोन जाती एका अढीत घालू नका; लवकर पिकणारी पायरी शेजारच्या फळांना वेळेआधी पिकवते. कार्बाइड घरात आणूच नका, कायद्याने त्यावर बंदी आहे आणि घरी त्याची गरजही नाही.

मल्लिकाला अढीत जास्त दिवस द्या. हा आंबा हळू पिकतो. रंग आला म्हणून लगेच कापला तर आंबट आणि बेचव लागतो, थांबलात तर त्याच फळाला मधासारखी गोडी येते. अनेकांनी मल्लिका नापास केला आहे तो याच उतावळेपणामुळे.

चव घेण्याची शिस्त

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते. आंबा खाणे आणि आंब्याची चव पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला शिस्त लागत नाही. दुसऱ्याला लागते, कारण कोणती फांदी ठेवायची आणि कोणती बदलायची हे तुम्ही त्यावरून ठरवणार आहात.

प्रत्येक जातीची निदान तीन फळे घ्या, झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंची. उन्हाकडचे आणि आतल्या सावलीतले फळ यांत फरक असतो. एका फळावरून जातीचा निकाल लावणे अन्यायाचे. फळे फ्रिजमधली नकोत, थंडीने वास मरतो. वेळ दुपारच्या चार-पाचची, जेवणातला मसाला जिभेवरून गेल्यावरची. चहा नंतर.

आधी न कापता देठाशी नाक लावा. हापूसचा दरवळ खोलीच्या दारातूनच येतो, तोतापुरीला जवळजवळ वासच नाही. मग कापा आणि खाण्याआधी पाहा: साका आहे का, रेषा आहेत का, गराचा रंग कोयीपासून सालीपर्यंत एकसारखा आहे का. आंबा आतून बाहेर पिकतो; कोयीजवळचा गर पुढे गेलेला आणि सालीजवळचा मागे राहिलेला असू शकतो. म्हणून फोड आडवी खाऊ नका, कोयीकडचा आणि सालीकडचा घास वेगळा घ्या. काही जातींत सालीलगत उग्र, टर्पेंटाइनसारखी चव असते. ती सर्वांना नावडतेच असे नाही. रायवळाच्या शौकिनाला तीच हवी असते.

घरात चार माणसे असतील तर वाट्यांवर आकडे घाला आणि कोणत्या वाटीत कोणती जात हे एकालाच ठाऊक असू द्या. हे पोरकट वाटेल, पण करून पाहा. ‘हापूस’ हे नाव ऐकूनच जिभेला पाणी सुटलेले असते. नाव झाकले की रत्नाला आणि मल्लिकालाही न्याय मिळतो. सर्वांचे लिहून होईपर्यंत कुणी बोलायचे नाही. नाहीतर घरातला मोठा माणूस पहिला घास घेऊन ‘वा’ म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात.

क्रम महत्त्वाचा. कमी गोडापासून जास्त गोडाकडे जा. मध्ये पाण्याचा घोट आणि चिमूटभर कुरमुरे. आम्रपाली कुणाकडून आणली असेल तर ती शेवटी, कारण तिच्या गोडीनंतर पायरीसुद्धा फिकी वाटते.

लिहिताना फक्त ‘छान’ आणि ‘गोड’ लिहिलेत तर पुढच्या वर्षी त्यावरून काहीही उमगणार नाही. आंबटगोड, तुरट, पांचट, उग्र, रेषाळ, पिठूळ, लोण्यासारखा, रसाळ, चोखायला बरा, कापायला बरा: शब्द घरोघरी आहेत, ते वापरा. आजीला विचारा, तिच्याकडे तुमच्याहून जास्त निघतील. सोबत काढणीची तारीख, अढीतले दिवस, किती फळांत साका निघाला आणि त्या आठवड्यात पाऊस पडला का, एवढे टिपा. साखर मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर हौस म्हणून घेता येते. थेंबभर रसावरून ते गोडीचा आकडा सांगते, पण आंबटपणा आणि वास त्यात येत नाहीत, आणि हापूसचा मान तर त्या दोहोंच्या मेळावर आहे. आकडा जास्त म्हणून आंबा श्रेष्ठ, असे समजू नका.

फोडी खाऊन नापास झालेल्या जातीची परीक्षा तिथे संपत नाही. तिचा रस काढून पाहा, आटवून पाहा. रायवळाची फोड कोण करतो? तो चोखायचा, किंवा अख्खाच मोहरी-खोबऱ्याच्या सासवात घालायचा, आणि तिथे हापूस त्याच्या जवळपासही येत नाही. चवीची वही मार्चमध्येच उघडावी हे उत्तम, कारण कैरीही तपासायची असते. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या जातवार वेगळ्या करा. तोतापुरीची कैरी आंबटपणात नरम, तिखटमीठ लावून नुसती खाता येते. लोणच्याला कडक, आंबट, घट्ट गराची हवी. तिथे रायवळ किंवा त्यासाठीच काढलेली ‘कोकण रुची’. हापूसच्या कैरीचे लोणचे घालणे मला उधळपट्टी वाटते, पण वादळात झाड झडले तर इलाज नसतो.

एका हंगामावर निकाल देऊ नका. तरुण झाडाची पहिली फळे त्या जातीची खरी चव दाखवत नाहीत. दोन-तीन बहर नीट येऊन गेल्यावर वही चाळा.

न आवडलेल्या झाडाचे काय

तोडू नका. मूळ, खोड, वर्षांची वाढ तयार आहे. बदलायचा आहे तो फक्त शेंडा. फांद्या टप्प्याटप्प्याने, एका वर्षी अर्ध्याच छाटा, म्हणजे झाड उघडे पडणार नाही. कापलेल्या तोंडाला बोर्डो मलम लावा. तिथून नवी फूट येईल. जोमाच्या दोन-तीन ठेवा, बाकी काढा. फूट पेन्सिलीएवढी झाली आणि हवा दमट असली की त्यावर पाचर कलम करा.

काडी हव्या त्या जातीच्या, चवीत पास झालेल्या झाडाचीच घ्यावी: तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला, वीतभर लांब. काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापून टाका, म्हणजे डोळा जोम धरतो. खुंटाला मधोमध तीन-चार सेंटिमीटर चीर, काडीला तेवढीच पाचर, दोघांची साल निदान एका बाजूला जुळली पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधा आणि वर पारदर्शक पिशवीची टोपी घाला. जमले तर साधारण तीन आठवड्यांत डोळा हलतो. पहिल्या वर्षी चारांतली दोन जगली तरी खूश राहा. गावातल्या एखाद्या वठत चाललेल्या रायवळाची चव तुम्हाला लहानपणापासून आठवत असेल तर त्याच्याही काड्या याच दिवसांत आणा. असे झाड गेले की त्याची जात कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाही.

एका झाडावर किती जाती बांधाव्यात? मलीहाबादच्या हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेहून जास्त जाती बांधल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला चार पुरे. जातींचा जोर सारखा नसतो. जोमदार फांदी शेजारच्या नाजूक जातीला झाकून टाकते. म्हणून कमी वाढीची जात दक्षिणेकडे, उन्हात बांधा आणि जोमदार फांदीवर दरवर्षी कात्री चालवा. तोतापुरी आणि केसर समोरासमोरच्या फांद्यांवर असू द्या, म्हणजे एक दुसऱ्याला झाकणार नाही.

आणि पाट्या लावा. पेनाने लिहिलेली पाटी एका पावसात पुसते. पेयाच्या रिकाम्या डब्याच्या अॅल्युमिनियमची पट्टी कापून त्यावर खिळ्याने दाबून नाव आणि साल कोरा, आणि ती सैल तारेने फांदीला अडकवा. घट्ट बांधलेली तार दोन वर्षांत सालीत रुतते, म्हणून दर छाटणीच्या वेळी ती हाताने फिरवून पाहा.